मदत हवी आहे: घरी केलेला गाडीच्या बॅटरीचा चार्जर दहा मिनिटांत गळपटतो

नमस्कार मंडळी,

मी धायरीत राहतो. कामाला बसने जातो, त्यामुळे जुनी गाडी तीन-तीन आठवडे पार्किंगमध्ये उभी असते. मागच्या महिन्यात रात्री दोन वाजता आईला दवाखान्यात न्यायची वेळ आली आणि किल्ली फिरवल्यावर नुसतं 'कट्' वाजलं. खालच्या मजल्यावरच्या काकांनी त्यांची गाडी काढली म्हणून निभावलं. आई आता बरी आहे. पण ती दहा मिनिटं डोक्यातून जात नाहीत.

नंतर मोजून पाहिलं. गाडी बंद, दारं लावलेली, तरी ३० मिलिअँपिअर जात असतात. २१ दिवसांत ते १५ अँपिअर-तास होतात, आणि बॅटरी ३५ चीच आहे. म्हणजे दर पंधरा दिवसांनी ती वर आणून चार्ज करायला हवी.

विकतचा चार्जर घे असं घरच्यांचं म्हणणं आहे, त्यात चूक काही नाही. पण मी आयटीआयला वायरमनचा ट्रेड केलाय. रात्री घरात एखादी वस्तू लावून ठेवायची तर तिच्या आत काय चाललंय ते मला कळलेलं असावं, असं मनापासून वाटतं. म्हणून तपकीर गल्लीतून सामान आणलं: १२-०-१२ चा ५ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, ३५ अँपिअरचा ब्रिज (एसीचं डीसी करणारा), ४७०० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचा कपॅसिटर, एलएम ३३८ (व्होल्टेज ठरावीक ठेवणारा रेग्युलेटर), १२० ओहमचा रेझिस्टर, त्याच्याबरोबर १ के आणि ५०० चा प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर). एलएम ३३८ ची उष्णता बाहेर टाकणारा हीटसिंक जुन्या बाजारातला, तळहाताएवढा.

बॅटरी न जोडता प्रीसेट फिरवून आउटपुट १४.४ व्होल्टवर आणलं. बॅटरी जोडली की सुरुवातीला २.८ अँपिअर दिसतात. दहा मिनिटांत हीटसिंकवर बोट टेकवत नाही आणि करंट ०.६ वर येतो. थोडा वेळ बंद ठेवलं की पुन्हा २.८, पुन्हा तेच. एलएम ३३८ बदलून पाहिला, फरक नाही. त्याच्या आणि हीटसिंकच्या मध्ये उष्णता नेणारी पेस्ट लावलेली आहे.

हीटसिंक लहान पडतोय का? पंखा लावू का? आणि हे रात्रभर चालू ठेवलं तर चालेल का?

प्रतिसाद

ट्रान्सफॉर्मरच्या तीनपैकी कुठल्या दोन वायरी ब्रिजला दिल्यात? आणि बॅटरी काढून कपॅसिटरवर किती व्होल्ट येतात ते मोजून लिहा. तोपर्यंत चार्जर बंदच ठेवा.

धागाकर्ता

कडेच्या दोन वायरी ब्रिजला, मधली मोकळी टेप लावून ठेवलीय. कपॅसिटरवर ३४.८ व्होल्ट.

प्रतिसाद

तिथेच आहे सगळं. कडेच्या दोन वायरींत १२ नाही, २४ व्होल्ट एसी असतात. त्याचं शिखर १.४१४ पट, म्हणजे जवळपास ३४. लोडवर ते तिसापर्यंत उतरत असेल. बॅटरीला १३ मिळतायत आणि उरलेले १७ व्होल्ट एलएम ३३८ च्या अंगावर. १७ गुणिले २.८ म्हणजे जवळपास ४८ वॉट नुसती उष्णता. लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची असते, ती किती तापते ते तुम्हाला माहीत आहे. एलएम ३३८ मध्ये तापमानाचं संरक्षण आहे, म्हणून तो स्वतःच करंट आवळून घेतोय. तो खराब नाही, आणि पहिलाही बहुतेक धडधाकट असेल, टाकू नका.

त्याहून मोठी काळजी कपॅसिटरची. ३५ व्होल्टच्या कपॅसिटरवर ३४.८! रात्री लाइनचं व्होल्टेज २४५ झालं की तो मर्यादेबाहेर जाणार. फुगून फुटतात ते. जपा.

प्रतिसाद

मधली वायर निगेटिव्ह धरून कडेच्या प्रत्येक वायरीवर एक डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारा), असं केलं तर दोन डायोडांत काम होतं. पण १२-०-१२ वर ते पुरणार नाही. शिखर १७, डायोडचा १ गेला, १६ उरले. कपॅसिटरवरचा रिपल (व्होल्टेजचा चढउतार) वजा करा, एलएम ३३८ ला स्वतःला अडीच-तीन व्होल्ट हवेत. बॅटरीला तेरासुद्धा धड मिळायचे नाहीत. दुकानदार बदलून देत असेल तर १५-०-१५ घ्या, जोडणी हीच दोन डायोडांची. शिखर २१, हाताशी अठरा-एकोणीस उरतात, उष्णता निम्म्याहून कमी. कपॅसिटर १०,००० चा, ५० व्होल्टचा घ्या.

अजून तीन गोष्टी, आणि या टाळू नका.

आउटपुटला सीरीजमध्ये १० अँपिअरचा शॉटकी डायोड (कमी व्होल्ट खाणारा प्रकार) हवा. आपल्याकडे गुरुवारी वीज जाते, तेव्हा बॅटरी उलटी तुमच्या रेग्युलेटरमधून आणि त्या रेझिस्टरांमधून रिकामी होत बसेल. डायोडवर साधारण ०.४ व्होल्ट पडतात, म्हणून १४.४ चं माप डायोडच्या पुढे, बॅटरीच्या टोकाशी घ्या.

दुसरं, करंटला लगाम. एलएम ३३८ सात-आठ अँपिअरपर्यंत सोडू शकतो, आणि तुमच्या बॅटरीला साडेतीनच्या वर देऊ नये. क्षमतेचा दहावा भाग हा जुना हिशोब. सगळ्यात सोपा उपाय हेडलाइटचा १२ व्होल्ट ५५ वॉटचा बल्ब सीरीजमध्ये. बॅटरी रिकामी असली की तो मंद पेटून दीड-दोन अँपिअरवर धरतो. बॅटरी भरत आली की विझतो आणि आडवा येत नाही. क्लिपा उलट्या लागल्या तर भगभगून पेटतो, ते लांबून दिसतं. ५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या क्लिपेजवळच लावा.

तिसरं, १४.४ वर कायम ठेवायचं नाही. त्यावर पाण्याचं विघटन होतं, हायड्रोजन सुटतो, आणि हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगी पुरते. बॅटरी भरल्यावर १३.६ वर आणा, मग रात्रभर राहिली तरी चालेल. एक टॉगल स्विच आणि दुसरा प्रीसेट, एवढंच काम आहे.

धागाकर्ता

दुकानदाराने थोडे पैसे वर घेऊन १५-०-१५ दिला. रविवारी सगळं उलगडून परत बांधलं. पत्र्याच्या डब्याला अर्थिंग केलंय. बल्बाला मातीच्या कुंडीत उभं केलंय, तापला तरी कशाला लागणार नाही.

गाडीतून काढताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. दहा किलोचं धूड जिन्याने वर आणून गॅलरीत ठेवलं, दार उघडं. झाकणं काढून पाहिलं तर दोन सेलमध्ये पाणी प्लेटांच्या खाली होतं, डिस्टिल्ड वॉटर फक्त प्लेटा बुडेपर्यंत घातलं. आधी विश्रांतीत ११.९ व्होल्ट होते. सुरुवातीला १.८ अँपिअर, बल्ब जेमतेम लालसर. हीटसिंक कोमट, हात ठेवून बसता येतं! नवव्या तासाला ०.३ अँपिअर, टोकाशी १४.३. स्विच १३.६ वर टाकला आणि झोपलो. आई मध्येच उठून गॅलरीत डोकावून आली म्हणे.

सकाळी काढून चार तास ठेवली, १२.६ व्होल्ट. एक शंका उरली: सहापैकी एका सेलचं हायड्रोमीटर (आतल्या ॲसिडची घनता मोजणारं) १.२२० दाखवतंय, बाकीचे १.२६०. ती बॅटरी जाणार का?

प्रतिसाद

पाणी कमी झालेल्या दोनपैकीच तो सेल असेल तर घाई नको. नवं पाणी नीट मिसळायला आणखी एक चार्ज लागतो. आता १४.४ वर पुरती भरू द्या, मग सगळ्या सेलचं वाचन पुन्हा घ्या. तेव्हाही तो एकटाच ४० अंकांनी मागे असेल तर सेल कमजोर झालाय. पुढे कधी भरून ठेवलेली बॅटरी दुसऱ्या दिवशी १०.५ च्या आसपास दिसली, तर सेल मेला असं धरा. पाच सेलचे प्रत्येकी २.१. मग चार्जर कितीही चांगला असला तरी उपयोग नाही, बॅटरीच बदला. आईसाठी गाडी हवी आहे तर त्यात चालढकल करू नका.

धागाकर्ता

हो, तोच सेल आहे, डावीकडून दुसरा. आज रात्री पुन्हा लावतो आणि उद्या सहाही आकडे इथे लिहितो.