समास म्हणजे मार्जिन की पॅडिंग?

निळीशाई: मंडळी एक शंका. कागदाची कड नि मजकूर यांच्यामधे कोरी जागा सोडतात तो समास, शाळेत वहीवर आखायचो तोच. आता वेब डिझाईन शिकवायला मराठीत नोट्स लिहितेय आणि सीएसएसमधे (वेबपेज कसं दिसावं ते सांगणारी भाषा) मार्जिन वेगळं, पॅडिंग वेगळं. मार्जिनला समास लिहिलं तर चालेल ना? मग पॅडिंगला काय म्हणू?

जुनाखिळा: शब्दकोशाला चालेल हो, पण शिकणाऱ्याचा घोळ होणार. वहीतला समास पानाच्या आत असतो, सीएसएसचं मार्जिन बॉर्डरच्या, म्हणजे मजकुराभोवतीच्या चौकटीच्या, बाहेर आणि पॅडिंग आत, म्हणजे खरं बघायला गेलं तर समास पॅडिंगच्या जास्त जवळचा. पुस्तकात शिवणीकडे समास जास्त सोडावा लागतो, विषम पानाला डावीकडे नि सम पानाला उजवीकडे, नाहीतर अक्षरं शिवणीत जातात. स्क्रीनला कुठली आलीय शिवण?

डब्बागुल: +१. शिवाय साध्या मांडणीत वरच्या परिच्छेदाला खालून २० पिक्सेल मार्जिन, खालच्याला वरून ३०, तर मधे ५० पडत नाहीत, ३०च पडतात, मोठं मार्जिन लहानाला गिळतं. पॅडिंग असं गिळत नाही, सरळ बेरीज. समास म्हटलं की हे डोक्यात येणारच नाही कुणाच्या.

निळीशाई: अरे वा हे माहीत नव्हतं. आणि ब्लीडचं काय? क्लायंट म्हणतो फोटो फुल ब्लीड पाहिजे, वेबसाईटवर!

जुनाखिळा: तो शब्द छापखान्यातून आलाय. कटिंगला कागद किंचित सरकतो म्हणून फोटो कडेच्या बाहेर साधारण ३ मिमी जास्त काढायचा, नाहीतर कडेला पांढरी रेघ दिसते. वेबवर कापायचं काहीच नाही, तिथे फुल ब्लीड म्हणजे नुसतं या कडेपासून त्या कडेपर्यंत. शब्द राहिला, कात्री गेली. तुम्ही 'कडेपर्यंत' लिहा, कुणालाही कळेल.

डब्बागुल: नोट्समधे एक जरूर टाका, आपल्या लिपीत बटणाची उंची पिक्सेलमधे बांधू नका. 'नोंदणी पूर्ण करा' असं बटण घ्या, 'र्ण'चा रफार वर, 'पू'चा ऊकार खाली. कागदावर अक्षर छापलं तेवढंच राहतं, पण फोनवर कुणी फॉन्ट मोठा केला की बांधलेल्या बटणात ओळ मावत नाही नि रफार नाहीतर ऊकार कापला जातो, इंग्रजीवर टेस्ट करणाऱ्याला पत्ताही लागत नाही. उंची मोकळी सोडा, वरखाली पॅडिंग द्या.

तिरकीरेघ: पॅडिंगला 'अंतर्समास' करा की :ड

जुनाखिळा: करा, मग विद्यार्थी व्याकरणाच्या तासाला बसल्यासारखे बसतील. ताई, मार्जिन-पॅडिंग जसंच्या तसं ठेवा. समास एकाच ठिकाणी लिहा, वेबपेज प्रिंट करताना ॲट-पेज नियमात जे मार्जिन देतो तिथे, कारण ते कागदाच्या कडेपासून आतच मोजतात.