हॉलमध्ये टीव्ही हवाच का? प्रोजेक्टर का नको? आणि बाकी खोल्यांचं काय?

सांजवारा
पुण्यात २ बीएचके घेतलाय, ताबा लवकरच मिळेल. इंटिरियरवाल्याने पहिल्याच भेटीत ड्रॉइंग दाखवलं त्यात हॉलच्या मोठ्या भिंतीवर ६५ इंची टीव्ही, मागे पॅनेलिंग, खाली युनिट आणि सोफा त्याच्याकडे तोंड करून. कोणी विचारलंच नाही की टीव्ही पाहिजे का, किती पाहिजे, कुठे पाहिजे.

माझं मत स्पष्ट आहे, हॉलमध्ये टीव्ही लावूच नये. प्रोजेक्टर लावावा. बंद केला की भिंत परत भिंत होते, तिथे चित्र लावा, पुस्तकं ठेवा, माणसं एकमेकांकडे बघून बसतील. आणि बघायचंच असेल तर १०० इंच बघा ना, ५५ इंची टीव्हीच्या तिप्पट क्षेत्रफळ होतं ते. १०० इंची टीव्ही घ्यायला गेलात तर लाखांत जातो, आणि तो लिफ्टमध्ये मावेल का हा वेगळाच प्रश्न. आईबाबांच्या खोलीत ४३ इंची साधा टीव्ही, मुलांच्या खोलीत काहीच नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला तसा प्रोजेक्टरचाही झालाय, त्यामुळे तोही मुद्दा राहिला नाही.

ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा, पण कारण देऊन लिहा.

लख्ख
मला अजिबात पटत नाही, आणि कारण एकच, उजेड.

हिशोब मांडतो. १०० इंची चित्र म्हणजे साधारण २.२१ मीटर रुंद, क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटर. त्यावर १००० अ‍ॅन्सी ल्युमेनचा (लेन्समधून प्रत्यक्ष बाहेर येणाऱ्या उजेडाचं प्रमाणित माप) प्रोजेक्टर टाकला तर पांढऱ्या पडद्यावर जास्तीत जास्त ११५ निट्सच्या (पडदा डोळ्यांना किती उजळ दिसतो त्याचं माप) आसपास उजेड मिळतो. थिएटरात ४८ निट्स असतात म्हणजे हे तर दुप्पट झालं असं वाटेल, पण थिएटरात अंधार असतो हो! तुमच्या हॉलमध्ये दुपारी पडदे अर्धवट ओढून भिंतीवर १५० लक्स (पृष्ठभागावर किती उजेड पडतो त्याचं माप) उजेड पडत असेल तर ती पांढरी भिंत स्वतःच ४० निट्सने उजळलेली असते. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही, भिंत त्या क्षणी जेवढी उजळ आहे तेवढाच त्याचा काळा. म्हणजे सगळ्यात उजळ आणि सगळ्यात काळा यातला फरक फक्त चारपट उरतो. चेहरे धुतल्यासारखे दिसतात, रात्रीचा सीन असेल तर काहीच कळत नाही. साधा एलईडी टीव्ही २५० ते ३५० निट्स देतो आणि त्याचं पॅनेल मुळातच काळं असतं, म्हणून भरदुपारी खिडकी उघडी ठेवूनही मॅच दिसते.

आणि ऑनलाइन जे प्रोजेक्टर "९००० ल्युमेन" लिहून दहा-बारा हजारात विकतात त्यांच्या नादी कोणी लागू नका. तो आकडा आतल्या दिव्याचा असतो किंवा नुसताच छापलेला असतो, लेन्समधून बाहेर येणारा अ‍ॅन्सी आकडा दोन-तीनशेच्या घरात निघतो. खोक्यावर अ‍ॅन्सी किंवा आयएसओ ल्युमेन लिहिलेले नसतील तर घेऊच नका. "४के सपोर्टेड" म्हणजे ४के फाइल चालते एवढंच, नेटिव्ह रिझोल्यूशन (मशीन स्वतः किती बारीक ठिपक्यांचं चित्र काढतं) किती ते वेगळं विचारा, बरेचदा ७२० असतं.

कोकणवारा
लख्ख, तुमचा हिशोब बरोबर आहे पण तो दुपारचा आहे. आमच्याकडे रत्नागिरीजवळ गावी प्रोजेक्टर आहे तो पडवीत लागतो, संध्याकाळी सातनंतर. आयपीएलची मॅच असली की वाडीतली पोरं, म्हातारी माणसं, शेजारच्या काकू सगळी येतात, सतरंज्या टाकल्या की झालं. एवढी माणसं ५५ इंचासमोर बसवून दाखवा. मागच्यांना स्कोअर वाचता येत नाही.

लाइट गेली तरी अडत नाही, एलईडीवाला प्रोजेक्टर शंभर वॅटच्या आसपास खातो, दीडशे एएचच्या बॅटरीवर एक पंखा धरून अख्खी मॅच आरामात निघते. जुने लॅम्पवाले अडीचशे-तीनशे वॅट खायचे आणि तीन-चार हजार तासांत लॅम्प बदलावा लागायचा, ते घेऊ नये. त्रास एकाच गोष्टीचा, पहिल्या पावसानंतर पंखांच्या वाळव्या उजेडावर येतात, पांढऱ्या पडद्यावर तर हमखास, त्या दोन-तीन संध्याकाळी आम्ही लावतच नाही. आणि खारी हवा, धूळ यामुळे आतल्या भागावर डाग धरतात, म्हणून ज्याचा आतला लेन्सचा भाग सीलबंद आहे तोच घ्यावा.

मला विचाराल तर एकत्र बघण्यात जी मजा आहे ती टीव्हीत नाही, १००% सांजवारा यांच्या बाजूने.

खिडकीतून
सगळे उजेडाचं मोजमाप करताय पण घरात माणसं कशी राहतात ते कोणी बोलत नाहीये.

आमच्या हॉलमध्ये संध्याकाळी काय चालू असतं सांगते. सासूबाई भाजी निवडत मालिका बघतात, धाकटा टीपॉयवर गृहपाठ करतो, कोणीतरी कपडे घड्या घालतं, बेल वाजते, इस्त्रीवाला येतो. यातलं काहीही अंधारात होत नाही. प्रोजेक्टर लावायचा म्हणजे दिवे मालवायचे, आणि आमच्याकडे तरी तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावून मग घरभर लाइट लावायचे असतात, त्या वेळी हॉलमध्ये अंधार करून बसलेलं घरातल्या मोठ्यांना चालणार नाही. माझ्या मते ते बरोबरच आहे.

दुसरं म्हणजे मालिका कोणी सिनेमासारखी बघत नाही. अर्धं लक्ष तिकडे, अर्धं हातातल्या कामात. त्यासाठी १०० इंच कशाला? त्यात बऱ्याच घरी पॅकमध्ये मराठी चॅनेल साधे एसडीच असतात, ते ४३ इंचावर बरे दिसतात, ६५ वर पसरतात आणि १०० इंचावर तर बघवत नाहीत. मोठा पडदा घेणाऱ्याने आधी चॅनेल एचडी करून घ्यावेत.

सांजवारा
खिडकीतून, म्हणूनच तर मी आईबाबांच्या खोलीत वेगळा टीव्ही म्हणतोय. त्यांना त्यांच्या मालिका, बातम्या त्यांच्या वेळेला, त्यांच्या आवाजात बघता येतील, आणि हॉल बोलायला मोकळा राहील. पाहुणे आले की टीव्हीचा आवाज कमी करायचा की बंद करायचा, ही रोजची कुचंबणा जाते. आमच्या आधीच्या घरी हॉलमधला टीव्ही सकाळी लागायचा तो झोपेपर्यंत चालू, कोणी बघत असो वा नसो. त्या आवाजात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं आणि ते मला नव्या घरात नकोय.

खिडकीतून
दादा, राग मानू नका पण यालाच मी विरोध करतेय. टीव्ही आतल्या खोलीत गेला की म्हातारं माणूसही आतल्या खोलीत जातं. हॉलमध्ये बसलेली आई मालिका बघताना येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलते, नातवाला पाणी पी म्हणून सांगते, दाराकडे लक्ष ठेवते. तिच्या खोलीत ४३ इंची लावून दिलात की ती दिवसातले चार तास दार लोटून एकटी बसणार, आणि सगळ्यांना वाटणार की तिची छान सोय केली. मी हे माहेरी बघितलंय. बाबा खोलीत टीव्ही आल्यापासून जेवायलाच काय ते बाहेर यायचे.

हॉल बोलायला मोकळा हवा हे मला मान्य आहे. पण मग टीव्ही कधी बंद करायचा हे घरात ठरवा, जेवताना बंद, पाहुणे असताना बंद. यंत्र बदलून ते होणार नाही.

रातकिडा
+१ खिडकीतून.

माझं उलटं आहे, मी प्रोजेक्टर बेडरूममध्ये लावतो आणि तिथेच तो शोभतो. भाड्याचा फ्लॅट आहे, मालक भिंतीत भोक पाडू देत नाही, त्यामुळे टीव्ही टांगायचा प्रश्नच येत नाही. जाड ब्लॅकआउट पडदे, रात्री दहानंतर अंधार असतोच, पलंगामागच्या फळीवर छोटा प्रोजेक्टर, समोरच्या मॅट पांढऱ्या भिंतीवर ८० इंच. चारशे ल्युमेन तिथे भरपूर होतात. फक्त चमकदार ऑइलपेंटची भिंत असेल तर मधोमध दिव्याचा डाग दिसतो, मॅट रंग पाहिजे.

दोन सूचना. प्रोजेक्टर भिंतीला काटकोनात ठेवा, तिरका ठेवून कीस्टोनने (चित्र सरळ करायच्या सेटिंगने) चौकट सरळ केली की चित्राचा एक भाग वाया जातो आणि अक्षरं मऊ पडतात. आणि त्यात आधीच असलेल्या अ‍ॅप्सवर जाऊ नका, परवाना नसलेल्या बऱ्याच मशीनवर नेटफ्लिक्स ४८०च्या कमी दर्जातच चालतं किंवा चालतच नाही, अधिकृत स्टिक वेगळी घेऊन एचडीएमआयला लावा. पंख्याचा आवाज येतो, उशाशी असेल तर शांत सीनमध्ये जाणवतो. एक फायदा म्हणजे प्रोजेक्टरचा प्रकाश भिंतीवरून येतो त्यामुळे डोळ्यांना टीव्हीपेक्षा बरा.

लख्ख
रातकिडा, बाकी सगळं पटलं, शेवटचं वाक्य सोडून. भिंतीवरून आला म्हणून प्रकाश सौम्य होत नाही. डोळ्यात किती उजेड जातोय आणि तुम्ही किती जवळून किती वेळ बघताय तेवढंच. टीव्हीचा ब्राइटनेस रात्री कमी केला आणि मागे छोटा दिवा ठेवला तर तोही त्रास देत नाही. दुकानातल्या झगझगीत मोडवर घरी आणून वर्षानुवर्षं तसाच बघणारे खूप आहेत, त्यांनी आधी पिक्चर मोड बदलावा.

आणि सांजवारा, आईबाबांच्या खोलीत काय घ्यायचं त्यावरही बोला, सगळे हॉलवरच अडकलेत. बातम्यांचा चॅनेल दिवसभर चालू राहणार असेल तर ओएलईडी नको, खालची पट्टी आणि कोपऱ्यातला लोगो कायमचा उमटायची भीती असते, साधा एलईडी घ्या. पलंगावरून आणि बाजूच्या खुर्चीवरून दोघं बघणार असतील तर आयपीएस पॅनेल, बाजूने रंग उडत नाहीत. समोरूनच बघणार असतील तर व्हीए, त्याचा काळा जास्त चांगला. इंचांपेक्षा आवाजाचा विचार करा, हल्लीच्या पातळ टीव्हीचे स्पीकर खाली तोंड करून असतात, संवाद कळत नाहीत म्हणून वयस्क माणसं आवाज वाढवतात आणि मग घरात कुरबुर. छोटा साउंडबार लावला तर निम्मी भांडणं मिटतील. उंचीसुद्धा, पलंगावर पाठ टेकून बसल्यावर डोळे जिथे येतात त्याच्या आसपास पडद्याचा मधला भाग पाहिजे. मुलं हात लावतील म्हणून सहा फुटांवर टांगतात आणि मान दुखते म्हणून गोळ्या घेतात.

तारजोडे
मी वायरिंगची कामं करतो, या वादात पडत नाही पण ताबा घ्यायच्या आधी दोन्ही बाजूंनी हे वाचावं.

पहिलं, सीलिंग फॅन. १०० इंच चित्र ७ फूट ३ इंच रुंद होतं. नेहमीच्या प्रोजेक्टरचा थ्रो रेशो (लेन्सचं भिंतीपासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.२ धरला तर भिंतीपासून पावणेनऊ फुटांवर लेन्स येते. हॉल बारा-पंधरा फुटांचा असेल तर फॅन नेमका मधे असतो, आणि पाती त्या प्रकाशात आली की चित्र फडफडतं. किती लोकांनी सीलिंगला ब्रॅकेट ठोकून झाल्यावर मला बोलावलंय. फॅनची जागा आणि प्रोजेक्टरची जागा एकाच कागदावर काढा.

दुसरं, अल्ट्रा शॉर्ट थ्रो घेतला तर तो युनिटवरच बसतो, भिंतीपासून दोन फुटांच्या आत, फॅनचा प्रश्न नाही. पण तो इतक्या तिरक्या कोनातून प्रकाश टाकतो की प्लास्टरचा प्रत्येक चढउतार दिसतो, सरळ रेषा वाकडी दिसते. त्याला ताणलेला खास पडदा लागतोच, जो वरून येणारा उजेड परतवत नाही, आणि तो स्वस्त नसतो. बजेट काढताना पडदा धरा.

तिसरं, भिंत कसली आहे बघा. नव्या बिल्डिंगमध्ये आतल्या भिंती बरेचदा सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र सिमेंट ब्लॉकच्या) असतात, त्यात साधा प्लगस्क्रू धरत नाही. ५५ इंची टीव्ही पंधरा किलोच्या आसपास, त्यासाठी त्या ब्लॉकचेच खास अँकर वापरायला सांगा. फिटिंगला कंपनीचा माणूस येतो तो बरोबर आणेलच असं नाही.

चौथं, पीओपी व्हायच्या आधी केबलसाठी पाइप टाका.

सांजवारा
तारजोडे, फॅनचा मुद्दा डोक्यात नव्हता, मनापासून आभार. फॅन खिडकीच्या बाजूला सरकवायला सांगतो.

खिडकीतून, तुमचं आईबद्दलचं बोलणं वाचून घरी विषय काढला. आईलाच विचारलं. ती म्हणाली मला मालिका बाहेरच बघायची आहे, खोलीत झोपायला जाते मी. तर तिच्या खोलीतला टीव्ही रद्द. हॉलमध्ये ४३ इंची येईल पण मुख्य भिंतीवर नाही, जेवणाच्या टेबलाच्या बाजूच्या भिंतीवर, मागेपुढे होणाऱ्या ब्रॅकेटवर, तिच्या खुर्चीकडे वळवता येईल असा. मोठी भिंत मी मोकळीच ठेवणार आणि रात्री नऊनंतर तिथे प्रोजेक्टर. तेवढ्यावर मी ठाम आहे.

खिडकीतून
आईला विचारलंत हे फार चांगलं केलंत. पण जेवणाच्या टेबलाशेजारी टीव्ही? मग जेवताना बंद कोण करणार? मी अजूनही म्हणेन की सोफ्यासमोरच ५५ लावा आणि प्रोजेक्टर तुमच्या बेडरूममध्ये न्या, रातकिडांसारखा. दोन्ही जागा सुखी.

कोकणवारा
बेडरूममध्ये प्रोजेक्टर म्हणजे परत दोघांनीच बघायचं, मग १०० इंच कोणासाठी. हॉलमध्येच ठेवा हो. रविवारी शेजाऱ्यांना बोलवा.

रातकिडा
तारजोडे, पाइप किती इंची टाकायचा आणि एचडीएमआय केबल किती लांब चालते? माझ्या भावाच्या घराचं काम चालू आहे.

तारजोडे
दीड इंचाच्या खाली नको, एचडीएमआयचं टोक जाड असतं, पाऊण इंचाच्या पाइपातून जात नाही. वळणावर काटकोनी एल्बो टाकू देऊ नका, लांब वळणाचा बेंड वापरायला सांगा नाहीतर केबल अडकते. आत नायलॉनची दोरी सोडून ठेवा म्हणजे पाच वर्षांनी केबल बदलायची झाली तरी तोडफोड नाही. साधी तांब्याची केबल ४के साठी पाच-सात मीटरपर्यंत ठीक, त्यापुढे ऑप्टिकल एचडीएमआय घ्या, तिला दिशा असते, सोर्सचं टोक आणि डिस्प्लेचं टोक लिहिलेलं असतं, ओढताना उलटं ओढू नका. आणि सीलिंगला प्रोजेक्टरसाठी पॉइंट द्याल तो फॅनच्या स्विचवर जोडू नका, वेगळा द्या, लॅम्पवाल्यांना बंद केल्यावर आतला पंखा काही मिनिटं चालावा लागतो. भावाला सांगा पीओपीच्या आधी सगळ्या पाइपांचे फोटो टेप धरून काढून ठेवायला.