न्यूमोनियात लिपिड प्रोफाइल करूच नये: पटतंय का?

गंगापूररोडकर
मामा चौसष्ट वर्षांचे. मधुमेह आहे, कोलेस्टेरॉलसाठी अटोरव्हास्टॅटिन रोज चालू. थंडीत न्यूमोनिया झाला आणि ऑक्सिजन लावावा लागला. ॲडमिट असतानाच ‘पॅकेज’मध्ये लिपिड प्रोफाइलही, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, उरकलं. एकूण कोलेस्टेरॉल ११२, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) ४८, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) २२, ट्रायग्लिसराइड (रक्तातल्या चरबीचा आणखी एक प्रकार) २१०. आजारापूर्वीच्या रिपोर्टात एकूण १७८ आणि एलडीएल १०८ होतं. घरच्यांनी लगेच निष्कर्ष काढला, ‘कोलेस्टेरॉल उतरलं, आता ती गोळी कशाला?’

उतरलंय ते आजाराने. फुफ्फुसात तीव्र संसर्ग झाला की शरीर दाहाची रसायनं सोडतं. त्यामुळे एलडीएल आणि एचडीएल दोन्ही घसरतात. ट्रायग्लिसराइड मात्र बरेचदा वाढतं, कारण यकृत चरबीचे कण जास्त सोडतं आणि रक्तातली चरबी उचलणारं विकर मंदावतं. हे आकडे मामांच्या नेहमीच्या तब्येतीचे नाहीतच. म्हणून माझं स्पष्ट मत: न्यूमोनियाच्या पेशंटचं लिपिड प्रोफाइल करूच नये. पैसे जातात आणि वर चुकीचा दिलासा मिळतो.

सिडकोची लॅबवाली ताई
दादा, ‘करूच नये’ हे मला मान्य नाही. मी रोज रक्त घेते. सेंट्रिफ्यूजमधून नळी काढली आणि वरचं सीरम दुधासारखं पांढरं दिसलं, म्हणजे ट्रायग्लिसराइड फार वाढलेलं, की आम्ही डॉक्टरांना लगेच फोन करतो. ट्रायग्लिसराइड हजाराच्या वर गेलं तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. अशा मधुमेही पेशंटला ‘बरे झालात की बघू’ म्हणायचं का?

दुसरी गोष्ट म्हणजे पेठ-सुरगाण्याहून नातेवाईक पेशंटला घेऊन नाशिकला येतात. त्यांना ‘दीड महिन्यानं परत या’ सांगितलं तर किती जण येतील? शेतीची कामं, गाडीभाडं, बुडालेली मजुरी. हातात आलेला माणूस तपासून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

गंगापूररोडकर
ताई, सीरम पांढरं दिसलं तर जरूर बघा, ते कारण ठरवून केलेली तपासणी आहे. माझा राग सरसकट पॅकेजवर आहे. शिवाय बऱ्याच रिपोर्टांत एलडीएल थेट मोजलेलं नसतं, सूत्राने काढलेलं असतं: एकूणमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. ११२ वजा २२ वजा ४२, झाले ४८. म्हणजे आजाराने ट्रायग्लिसराइड फुगलं की एलडीएल कागदावर आणखी खाली येतं. ट्रायग्लिसराइड ४००च्या पुढे गेलं तर ते सूत्र वापरायचंच नसतं.

इंदिरानगर ७२
एक साधा प्रश्न. कोलेस्टेरॉल कमी झालेलं चांगलंच ना? कशानेही होवो.

फार्मसीवाला, नाशिकरोड
नाही हो काका. कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण काही जंतूंच्या विषाला चिकटून त्याचा जोर कमी करतात, त्यामुळे ते या लढाईत खर्ची पडतात. आकडा फार खाली गेला असेल तर बरेचदा आजार जबर असल्याची ती खूण असते. टीबीतही असंच होतं, उपचार लागू पडले की कोलेस्टेरॉल वर येतं. रक्तवाहिनीत वर्षानुवर्षं साचलेला थर मात्र चार-आठ दिवसांच्या तापाने जात नाही. उलट न्यूमोनियानंतरचे काही आठवडे हार्ट ॲटॅकची शक्यता वाढलेली असते, आणि नेमकी तेव्हाच गोळी सुटते.

पण गोळी थांबलेली दिसली की डॉक्टरांना दोष देऊ नका. न्यूमोनियात क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं असेल तर अटोरव्हास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि स्नायूंना इजा होऊ शकते. म्हणून तेवढे दिवस गोळी थांबवणं योग्यच. मला काळजी पुढची वाटते. अँटिबायोटिकचा कोर्स संपतो, पेशंट घरी जातो आणि गोळी पुन्हा सुरू करायचं कोणी सांगितलेलंच नसतं. माझ्या काउंटरवर लोक जुनी चिठ्ठी दाखवून विचारतात, ‘यातली कोणती चालू ठेवू?’ ते मी ठरवू शकत नाही, डॉक्टरांकडेच पाठवतो.

सिडकोची लॅबवाली ताई
मग भांडण तपासणीशी नको. रिपोर्टावर ठळक लिहा, ‘तीव्र संसर्गात घेतलेला नमुना’. आणि डिस्चार्ज कार्डावर दोन ओळी: गोळी कधी सुरू करायची, फेरतपासणी कोणत्या आठवड्यात. तेवढं केलं तर माझी तपासणी वाया जात नाही.

गंगापूररोडकर
त्या दोन ओळी हव्यातच, त्यासाठी मी तुमच्या बाजूने. पण पॅकेजला माझा विरोध कायम आहे. ‘नॉर्मल’च्या रकान्यात आकडा बसला की घरची माणसं तेवढाच वाचतात, वरची सूचना नाही.

सिडकोची लॅबवाली ताई
आणि पेठचा माणूस? त्याचं उत्तर अजून दिलं नाहीत तुम्ही.

गंगापूररोडकर
त्याला दीड-दोन महिन्यांनी गावाजवळ रक्त देता आलं पाहिजे. लिपिडसाठी बहुतेकांना उपाशीपोटी यावं लागत नाही, त्यामुळे बाजाराच्या दिवशीही नमुना घेता येईल. तुमच्या लॅबची माणसं तिकडे नमुने घ्यायला जाऊ शकतील का, ते मालकांना विचाराल का ताई?