डोळे आत गेलेत, पाणी पाजतोय तरी फरक नाही, काय करू?

कुंपणापर्यंत_धाव
नमस्कार मंडळी, माझ्याकडे व्हेल्ड कॅमेलियन (रंग बदलणारा सरडा) आहे, आठ महिन्यांचा, नाव बंड्या. गेले चार दिवस त्याचे डोळे खोल गेल्यासारखे दिसतायत, म्हणजे डोळ्याचा तो गोल बुरूज असतो ना, तो एरवी टम्म भरलेला असायचा, आता वरच्या बाजूला खळगा पडलाय. खाणं जवळपास बंद, खायला सोडलेले क्रिकेट किडे नाकासमोरून जातात तरी जीभ बाहेर पडत नाही. डोळे आत म्हणजे डिहायड्रेशन असं वाचलं म्हणून दिवसातून तीनदा सिरिंजने तोंडात पाणी सोडतोय, तो चिडून फिस्स करायला तोंड उघडतो तेवढ्यात. पाण्याची वाटी पण ठेवलीये पण तिच्याकडे ढुंकून बघत नाही. काल शी केली, सोबतचा पांढरा भाग पांढराच होता, टोकाला जरासा पिवळा. आणि आधी दिवसभर एका फांदीवर ध्यान लावून बसायचा, आता सारखा खाली तळाला फिरतो, कोपरे खरवडतो. ओआरएस देऊ का?

थेंबथेंब
आधी ती सिरिंज खाली ठेवा. यांच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेला लागून अगदी पुढेच असतं, फिस्स करत असताना आत पाणी मारलं तर ते सरळ फुफ्फुसात जाऊ शकतं आणि मग डिहायड्रेशन राहिलं बाजूला, न्यूमोनिया घेऊन बसाल. द्यायचंच असेल तर नाकाच्या टोकावर एकेक थेंब सोडा, चाटला तर चाटला.

वाटी काढून टाका, साचलेलं पाणी म्हणजे पिण्याचं पाणी हे यांच्या डोक्यात सहसा शिरतच नाही, पानावरून ओघळणारा चकाकता थेंब दिसला की मग पितात. प्लास्टिकच्या कपाला बुडाशी सुईने भोक पाडा, पिंजऱ्याच्या जाळीवर ठेवा, खालच्या पानावर टिपटिप होऊ द्या. आणि स्प्रे मारताना लोक अर्धा मिनिट मारतात नि जातात, त्यात तो फक्त डोळे मिटून वैतागतो. सलग पाच-सात मिनिटं मारा, बरेच जण पहिली दोन-तीन मिनिटं दगडासारखे बसतात आणि मग चाटायला लागतात. फारच सुकला असेल तर बाथरूममध्ये कुंडीतल्या झाडावर बसवून शॉवर भिंतीवर सोडायचा, अंगावर नुसते तुषार, कोमट पाणी, वीसेक मिनिटं, तुम्ही तिथेच उभे. ओआरएस नको, ते माणसाच्या मापाचं.

पण मला एक खटकतंय. शीबरोबर जो पांढरा गोळा पडतो तो युरेट, म्हणजे यांची लघवीच समजा. पाणी खरंच कमी पडलं की तो पिवळाधमक, पुढे केशरी आणि खडूसारखा कडक होतो. नुसतं पिवळं टोक म्हणजे एवढं काही नाही. म्हणजे डोळे आत जायचं कारण वेगळंच दिसतंय.

हिरवी_फांदी
+१. डोळे आत हे तापासारखं आहे, काहीतरी बिघडलंय एवढंच कळतं. जंत असोत, किडनी असो, ताण असो, सगळ्यात डोळे आत जातात. यूव्हीबी ट्यूब, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा, किती जुनी आहे? उजेड दिसतो म्हणून लोक दोन-दोन वर्षं तीच ठेवतात, पण यूव्हीबी त्याच्या कितीतरी आधी उतरलेलं असतं आणि मग कॅल्शियम अंगी लागत नाही, पाय वाकतात, जबडा मऊ पडतो. रोज सकाळी वजनकाट्यावर ठेवून ग्रॅम लिहून ठेवा, डोळ्यांपेक्षा काटा आधी सांगतो.

(अवांतर: आमच्याकडचा एकदा संध्याकाळी डोळा लिंबाएवढा फुगवून फांदीवर घासत होता, मी घाबरून व्हेटला फोन केला, तोवर डोळा जागेवर. डोळा साफ करत होता म्हणे!)

जुना_पाळणारा
तळाला फिरतो, कोपरे खरवडतो हे वाचून विचारतोय. मागच्या पायाच्या टाचेवर मागे आलेला छोटा मांसल काटा आहे का? नीट बघून सांगा.

कुंपणापर्यंत_धाव
ट्यूब दीड वर्षापूर्वीची, आधीच्या सरड्याचीच लावलेली 🙈 टाचेवर काहीच नाही, दोन्ही पाय गुळगुळीत. का?

जुना_पाळणारा
मग अभिनंदन, तुमचा बंड्या बंडी आहे. व्हेल्डमध्ये नराला तो काटा अंड्यातून बाहेर येतानाच असतो, मादीला कधीच नसतो. आणि मादी नराचं तोंड न बघताही अंडी घालते, कोंबडीसारखी, एका वेळी तीस-चाळीस सुद्धा. पोटात ती भरली की खाणं सुटतं, जमीन शोधत फिरते. जागा मिळाली नाही तर अंडी अडकतात, आणि त्यात जीव जातो.

आजच एक खोल डबा घ्या, निदान फूटभर वाळू, इतकी ओली की बोटाने बोगदा केला तर ढासळणार नाही, पण खाली पाणी साचायला नको. पिंजऱ्यात ठेवा आणि बाहेरून पडदा लावा. खणताना कोणी बघतंय असं वाटलं की काम अर्धवट टाकून वर येते.

थेंबथेंब
बरोबर पकडलंत, माझ्या डोक्यातच आलं नाही.

पान_खाणारा
मी म्हणतो वाळू ठेवून आठवडाभर बघावं, उगाच डॉक्टरकडे नेऊन ताण कशाला.

जुना_पाळणारा
नाही हो, चार दिवस आधीच गेलेत, त्यात जुनी ट्यूब म्हणजे कॅल्शियम बेताचंच, आणि अंडी बाहेर ढकलायला स्नायूंना तेच लागतं. दिवसा डोळे मिटून बसली, पकड सैल झाली किंवा फांदीवरून पडली तर एक तासही थांबू नका. आणि सरडे बघणारा व्हेटच शोधा. मान वर करून तोंड उघडून श्वास घेत असेल, कडेला बुडबुडे असतील तर तेही सांगा, सिरिंजचा प्रताप असू शकतो.

कुंपणापर्यंत_धाव
अपडेट. परवा नेलं. एक्स-रेत पोट नुसतं गोट्यांनी भरल्यासारखं, फासळ्यांपासून शेपटीच्या मुळापर्यंत. फुफ्फुसं साफ आहेत, वाचलो. कातडीखाली सलाइन दिलं, कॅल्शियम दिलं आणि म्हणाले वाळू ठेवून दोन दिवस वाट बघू, नाहीतर पुढचं ठरवू. काल दुपारी खाली उतरली, फक्त शेपटीचं टोक वाळूबाहेर दिसत होतं, मी पडद्याच्या फटीतून श्वास रोखून बघत होतो. रात्री खड्डा बुजवून, वरून थापटून, मातीने माखलेली वर आली. ३४ अंडी. आणि टिपटिप कपाखाली जी बसली ती अकरा मिनिटं पीत होती, घड्याळ लावून बघितलं. आज डोळे बरेच भरलेत. नवी ट्यूब लावली. आता हे परत परत होणार का?

जुना_पाळणारा
होणार, पण कमी करता येतं. आता दोन आठवडे पोटभर खाऊ घाला, किड्यांना कॅल्शियमची पूड लावून. नंतर एक दिवसाआड तीन-चार किडे, आणि दिव्याखालची फांदी २७ अंशांच्या वर जाऊ द्यायची नाही. भरपूर खाणं आणि जास्त ऊब मिळाली की अंडीही ढिगाने होतात. वाळूचा डबा मात्र काढू नका, कायमचा राहू दे.

हिरवी_फांदी
आणि नावाचं काय करताय?

कुंपणापर्यंत_धाव
बंड्याच. हाक मारली तरी कुठे येते ती.