कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत महिन्याला 200 युनिट वीज फुकट ना, मग आमचं बिल का येतंय? आणि गीझर लावू की बंबच बरा?

खानापूरकर_पोरगा:
आमचं घर खानापूर तालुक्यात, घरात चार माणसं. महिन्याला 165 च्या आसपास युनिट जळतात तरी दोनेकशे रुपये बिल येतंय. आई म्हणते फुकट वीज म्हणून सांगितलं आणि फसवलं. त्यात पावसात लाकडं वली असतात, बंब पेटवायला तिचा पाऊण तास जातो, धुरानं खोकला लागलाय. गीझर घेतो म्हटलं तर ती बिलाला भिते. काय करावं?

टिळकवाडीकर:
200 सगळ्यांना फुकट नाहीत ओ. 2022-23 ची तुमची महिन्याची सरासरी अधिक 10 टक्के, एवढाच तुमचा कोटा. जुनी बिलं काढून बघा, सरासरी 120 असली तर 132 फुकट, वरच्या 33 युनिटचे साधारण 6 रुपयांनी पैसे. फसवणूक नाही, पण हे कुणी नीट समजावून सांगितलं नाही हे खरंच. आता गीझरचं बघा. 2 किलोवॅटचा अर्धा तास चालला की 1 युनिट. चौघांना रोज 2 युनिट धरा, महिन्याला 60. तुम्ही म्हणाल 360 रुपये वाढतील, पण 165 अधिक 60 म्हणजे 225, आणि 200 च्या वर गेलं की सवलतच जाते, सगळं बिल भरायचं. म्हणजे 1350 आणि वर स्थिर आकार. गीझरचा खरा खर्च 360 नाही, हजाराच्या वर आहे.

निपाणीचा_मास्तर:
मला हेच पटत नाही. 132 चा कोटा असला तर 201 वं युनिट एकटंच आठशेच्या वर पडतं, असा कुठला दर असतो का? आणि ज्यांनी आधी काटकसर केली त्यांचा कोटा कमी, ज्यांनी दिवसभर पंखे चालू ठेवले त्यांचा जास्त. नव्या घराला तर 53 ची सरासरी धरतात. काटकसर करणाऱ्याला शिक्षा झाली की ही.

टिळकवाडीकर:
मास्तर, मागचं वर्ष धरलं त्याला कारण आहे, पुढचं धरलं असतं तर कोटा वाढावा म्हणून लोकांनी मुद्दाम वीज जाळली असती. 200 च्या कड्याचं मात्र तुमचं बरोबर, तिथं उतार पाहिजे होता.

चंदगडची_वैनी:
आमच्याकडं महाराष्ट्रात फुकट काय नाही, पण 0 ते 100, 101 ते 300 असे टप्पे आहेत आणि 101 व्या युनिटला तेवढ्यालाच वरचा दर, आधीच्या शंभराला हात लागत नाही. दर जास्त हाय खरा, पण एका युनिटसाठी जीव धाकधूक होत नाही. आणि दादा, आईच्या पाऊण तासाची किंमत धरलासा का? लाकूड रानातलं म्हणून फुकट म्हणता, खोकल्याचं औषध काय फुकट येतंय?

खानापूरकर_पोरगा:
वैनी, हे डोक्यातच आलं नव्हतं. आज मीटर बघितलं, 21 दिवसांत 118, म्हणजे महिन्याला 168 होतील. रोज अर्धा तास गीझर लावला तर 198, अगदीच काठावर. म्हणून वीस मिनिटंच लावायचा, आईच्या आणि धाकट्याच्या अंघोळीपुरता, आम्ही दोघं बंबावर, आणि बंब मी पेटवणार. दर रविवारी मीटर लिहून ठेवतो. आईला सव्वाशे रुपये वाढतील म्हणून सांगितलं तर म्हणाली, एवढंच काय, मग आण की.