फ्रेड अस्टेअरच्या सिनेमांतला तो घाबरट मित्र: एकच नट की दोन?

रात्रपाळी:
कार्टून नेटवर्क रात्री संपलं की त्याच चॅनेलवर टीएनटी, म्हणजे जुने इंग्रजी सिनेमे दाखवणारं चॅनेल, लागायचं, ते दिवस आठवणाऱ्यांसाठी प्रश्न. आमच्याकडे टीव्ही बंद करायला कुणी उठायचं नाही, म्हणून जुने कृष्णधवल संगीतपट आयतेच बघून झाले. नायक अस्टेअरचा बूट वाजवत केलेला टॅप डान्स, नायिका जिंजर रॉजर्सचे झगे, सगळं झकास. पण डोक्यात राहिला तो नायकाचा मित्र. उंच, लांब नाकाचा, सुटाबुटातला, कायम धास्तावलेला. नायक काहीतरी सांगतो, हा हसून मान डोलावतो, आणि दोनेक सेकंदांनी त्याच्या तोंडचं पाणी पळतं.

परवा ‘टॉप हॅट’ पुन्हा पाहिला. त्यात त्याच्याशी सारखा हुज्जत घालणारा एक नोकरही आहे, ओठ चावून बोलणारा. भाऊ म्हणतो, बाकीच्या सिनेमांत हे दोन्ही एकाच नटाने केलंय. मी म्हणतो, दोघे आहेत. आणि दुसरं असं की, नायकाच्या मित्राचं करिअर म्हणजे नेमकं काय असतं? जन्मभर तेच?

चहाबिस्कीट:
दोघे आहेत. भावाकडून वडापाव वसूल करा. उंच तो एडवर्ड एव्हरेट हॉर्टन, अमेरिकन. नोकर, वेटर वगैरे करणारा एरिक ब्लोअर, मूळचा लंडनचा. अस्टेअर-रॉजर्स जोडीच्या पाच सिनेमांत ब्लोअर आहे, तीनमध्ये हॉर्टन: ‘द गे डिव्होर्सी’ (1934), ‘टॉप हॅट’ (1935), ‘शॅल वी डान्स’ (1937). या तिन्हींत दोघेही असल्यामुळे गल्लत होते.
करिअरचं अण्णा सांगतील. त्यांना हाक मारायचीच खोटी.

तिसरीघंटा:
मारलीत ना हाक, आता बसा.

बँकेतली नोकरी आणि राज्य नाट्य स्पर्धेत मामा, मुनीम, शेजारी असली कामं, यात माझी हयात गेली. त्यामुळे सिनेमा बघताना नायकाकडे माझं लक्ष जरा कमीच असतं.

हॉर्टनचा लाफ्टर बघा कुठे येतो ते. स्वतःच्या वाक्यावर फारसा नाही. समोरच्याच्या वाक्यावर येतो. समोरचा काहीतरी भयंकर बोलून जातो. हा आधी खुशीत ‘हो हो’ करतो. मग चेहरा कोरा. मग उजेड पडतो. आमच्यातले हौशी नट मधली पायरी गाळतात आणि थेट दचकतात, म्हणून हशा मिळत नाही. याला अजून कळलेलं नाही, हे प्रेक्षकाला आधी कळायला हवं. त्या कोऱ्या चेहऱ्यावर थांबायला जिगर लागते, कारण विंगेत उभे असलेल्यांना वाटतं, हा वाक्य विसरला. हॉर्टन तिथे थांबतो, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या मापाने थांबतो.

नमुना हवा असेल तर दिग्दर्शक ल्युबिशचा ‘ट्रबल इन पॅरडाइज’ (1932) बघा. संगीतपट नाही, पण हे काम त्यात सुटं करून दाखवल्यासारखं दिसतं. व्हेनिसच्या हॉटेलात डॉक्टर बनून आलेल्या चोराने याला लुटलेलं असतं. नंतर पॅरिसच्या पार्टीत तोच चोर समोर येतो आणि हॉर्टनला काही केल्या आठवत नाही, त्या माणसाला पाहिलं कुठे. बराच वेळ नुसता अस्वस्थ. शेवटी सिगारेट विझवताना नजर अॅशट्रेवर जाते. अॅशट्रे गोंडोल्याच्या आकाराचा. तिथून डोक्यातलं एकेक चाक फिरायला लागलेलं आपल्याला दिसतं, एक शब्द न बोलता.

आता ‘टॉप हॅट’. लोक म्हणतात, या सिनेमांना गोष्ट नसते, आणि विनोदी पात्रं म्हणजे दोन गाण्यांमधलं पोतेरं. मला हे अजिबात मान्य नाही. अहो, गोष्ट आहे, आणि ती हॉर्टनच्याच डोक्यावर उभी आहे! डेलला, म्हणजे जिंजरला, नायकाचं नाव माहीत नाही. मैत्रिणीचा नवरा हॉरेस हार्डविक, म्हणजे आपला हॉर्टन, तिने कधी पाहिलेला नाही. हॉटेलचा माणूस तिला खूण सांगतो: ते काय वर, ब्रीफकेस आणि काठी घेतलेले. त्या क्षणी दोन्ही वस्तू अस्टेअरच्या हातात. झालं. मैत्रिणीचा नवराच आपल्यावर लाइन मारतोय, असं बाईंनी धरलं, आणि पुढचा सगळा सिनेमा त्यावर चालतो. थोबाडीत खातो अस्टेअर, आणि हॉरेसला बायकोचा ठोसा बसून डोळा काळानिळा होतो. हॉरेस अब्रूदार, विवाहित आणि थोडा बावळट नसता, तर ‘चीक टू चीक’ या गाण्यावर नाचायला कारणच उरलं नसतं.

करिअरचं थोडक्यात. जन्म 1886, ब्रुकलिन. रंगभूमीवरून मूकपटात आला. बोलपट आले तेव्हा अनेकांची दातखीळ बसली, याची चांदी झाली, कारण आवाज नाटकात घासलेला. ‘टॉप हॅट’च्या वेळी एकोणपन्नाशीचा होता, अस्टेअरपेक्षा तेरा वर्षांनी मोठा. हाताशी ‘स्प्रिंगटाइम फॉर हेन्री’ हे नाटक होतं. सिनेमाचं काम नसलं की तो ते घेऊन गावोगाव निघायचा, वर्षानुवर्षं. माझ्या मते हेच त्याच्या धंद्याचं गुपित. ज्याच्या पेटीत एक हुकमी नाटक आहे, त्याला निर्मात्याच्या दारात ताटकळावं लागत नाही.

ओपीचा_ठेका:
अण्णा, सगळं मान्य, पण आपल्याकडे न्याय जास्त होता. ‘सीआयडी’त (1956) ‘ये है बंबई मेरी जान’ कुणाच्या वाट्याला? देव आनंदच्या नव्हे, जॉनी वॉकरच्या! ‘प्यासा’त (1957) गुरुदत्त दुःखात बुडालेला असताना तेलमालिशवाला ‘सर जो तेरा चकराये’ म्हणून भाव खाऊन जातो. रफीचा आवाज मिळतो, आख्खं गाणं मिळतं. तुमच्या हॉर्टनला काय मिळालं? काळा डोळा?

तिसरीघंटा:
मुद्दा रास्त आहे. आपल्या सिनेमात विनोदी नटाचं गाणं ही हक्काची जागा होती, तिकडे तसा रिवाज कमी. पण हॉर्टनला एक मिळालं आणि त्याने त्याचं सोनं केलं. ‘द गे डिव्होर्सी’त तो वकील आहे, एग्बर्ट फिट्झजेराल्ड. समुद्रकाठच्या हॉटेलात एक सोनेरी केसांची पोरगी त्याच्या गळ्यात पडते आणि ‘लेट्स नॉक नीज’ सुरू होतं. गाण्याचा अर्थ एवढाच की गुडघ्यावर गुडघा आपटू या. हे अठ्ठेचाळीस वर्षांचे वकीलसाहेब अर्ध्या चड्डीत, गुडघे उघडे, सुरुवातीला अंग चोरून. नाचता येत नाही असं दाखवायचं, पण ठेका मात्र कुठे चुकत नाही. मुद्दाम वाईट नाचणं किती अवघड असतं, ते नाचणाऱ्यांना विचारा.

ती पोरगी म्हणजे बेटी ग्रेबल. तेव्हा तिला फारसं कुणी ओळखत नव्हतं. आठ वर्षांनी ‘स्प्रिंगटाइम इन द रॉकीज’मध्ये (1942) ती नायिका, रंगीत सिनेमा, पाटीवर पहिलं नाव. हॉर्टन? त्याच सिनेमात नायकाचा नोकर. मला यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही. नायिका येतात, जातात, नोकर लागतोच.

‘द गँग्ज ऑल हिअर’ (1943) मात्र मला आवडत नाही. गायिका कार्मेन मिरांडाच्या नाचगाण्यातली केळी आणि रंगांचा तो धबडगा यात हॉर्टनला श्वास घ्यायला जागा नाही. तोंडभर लिपस्टिकचे ठसे घेऊन बायकोला तोंड चुकवणं तेवढं जमलंय.

व्हॅलीवाली:
मी लॉस एंजेलिसला सॅन फर्नांडो व्हॅलीत राहते. इथे एन्सिनोमध्ये एडवर्ड एव्हरेट हॉर्टन लेन नावाचा छोटासा रस्ता आहे. त्याची तिथे मोठी मिळकत होती. व्हेंच्युरा फ्रीवे काढताना त्यातला एक तुकडा गेला. उरलेल्या रस्त्याला त्याच्या मृत्यूनंतर त्याचं नाव दिलं. बाहेरगावचे लोक फलक बघून ‘हा कोण मेयर?’ विचारतात.

आणि गंमत म्हणजे 1938 ते 1940 त्याच्या आवारातल्या घरात भाडेकरू कोण, तर ‘द ग्रेट गॅट्सबी’वाला स्कॉट फिट्झजेराल्ड. शेवटची, अपुरी राहिलेली कादंबरी त्याने याच काळात लिहायला घेतली. अण्णा म्हणाले तसं पडद्यावर हॉर्टन स्वतःच फिट्झजेराल्ड झाला होता, चार वर्षं आधी!

रात्रपाळी:
भावाला धागा पाठवलाय, तो गप्प आहे. बाकी सगळे सिनेमे मिळाले नाहीत तर सुरुवात कुठून करू? आणि तो म्हातारपणी काय करत होता? लेकीला जुनं कार्टून लावून दिलं होतं, त्यातल्या निवेदकाचा आवाज हुबेहूब याच्यासारखा वाटला, म्हणून विचारतोय.

चहाबिस्कीट:
कान शाबूत आहेत तुमचे. ‘रॉकी अँड बुलविंकल’ असणार. त्यातल्या तिरपागड्या परीकथा हॉर्टननेच सांगितल्यात. त्याच कार्टूनमध्ये इसापचा आवाज चार्ली रगल्सचा. अण्णांनी सांगितलेल्या ‘ट्रबल इन पॅरडाइज’मध्ये हॉर्टन ज्या बाईच्या मागे असतो, तिच्याच मागे असलेला मेजर तो हाच. दोघेही एकाच कार्टूनच्या पगारावर!

तिसरीघंटा:
पहिला ‘टॉप हॅट’ झालाच आहे. तरी वाळूचा नाच पुन्हा बघा. खालच्या मजल्यावर डेलला झोप लागावी म्हणून अस्टेअर जमिनीवर वाळू टाकून हलकेच पाय घासतो. सगळे त्याचे पाय बघतात. तुम्ही खुर्चीत पेंगणारा हॉरेस बघा.

मग ‘द गे डिव्होर्सी’. मग ‘हिअर कम्स मिस्टर जॉर्डन’ (1941). यात तो देवदूत आहे, क्रमांक 7013, नवशिका, आणि घाईघाईत एका बॉक्सरचा जीव वेळेआधीच काढून घेतो. आपल्याकडचा ‘झुक गया आसमान’ (1968) त्याच गोष्टीवरचा. लोकांना हा 7013 एवढा आवडला की 1947 साली रीटा हेवर्थच्या ‘डाउन टू अर्थ’ या संगीतपटात हॉर्टन तोच क्रमांक लावून पुन्हा हजर.

काम तो 1970 मध्ये, चौऱ्याऐंशीव्या वर्षी जाईपर्यंत करतच होता. ‘कोल्ड टर्की’ हा त्याचा शेवटचा सिनेमा तो गेल्यावर लागला.

आणि भावाला ‘शॅल वी डान्स’ दाखवा. त्यात ब्लोअर तुरुंगात अडकून हॉर्टनला फोन करतो. तुरुंग सस्क्वेहॅना स्ट्रीटवर. हॉर्टनला ते नाव ऐकू येत नाही, म्हणून ब्लोअर स्पेलिंग सांगायला लागतो, आणि एकेक अक्षर समजावताना दोघांची अशी काही जुंपते की बस. तारेच्या एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दुसरा. ते बघूनही भाऊ ‘एकच नट’ म्हणाला, तर वडापाव सोडून द्या, त्याला चष्मा करून द्या.