मदत हवी आहे: रीजनरेशन आणि कॅन्सर दोन्हीत तेच जीन वाढलेत

कृष्णाकाठची_मुलगी
अर्जंट आहे. सांगलीत पीएचडी करते, सोमवारी प्रेझेंटेशन. रॅटचं लिव्हर, एक गट नुसती हिपॅटेक्टमी (लिव्हरचा भाग कापलाय, तो परत भरून येतो, तेच रीजनरेशन), दुसरा डीईएनवाला (कॅन्सर करणारं केमिकल दिलेला). क्यूपीसीआरमध्ये (जीन किती चालू आहे ते मोजायची टेस्ट) पेशी वाढवणारे सी-मिक आणि सायक्लिन डी१ दोन्हीकडं वर गेलेत, गाइड म्हणतात मग तुझ्या कॅन्सरमध्ये वेगळं काय, आणि मला ते दाखवता येईना. कुठला जीन बघू? लवकर सांगा.

विश्रामबागकर
कापल्यावर किती तासांनी सॅम्पल घेतलं? शॅम (पोट उघडून लिव्हर न कापलेला गट) आहे का? सी-फॉस, सी-जून, सी-मिक पहिल्या तास-दोन तासातच उसळतात, रॅटमध्ये डीएनए बनायचा जोर २४ तासांच्या आसपास, आणि आठ-दहा दिवसांत लिव्हर भरून आलं की सगळं खाली बसतं. कॅन्सरमध्ये खाली बसत नाही, फरक तिथंच आहे. एकाच वेळेचं सॅम्पल घेऊन तो कसा दिसणार?

तंबोरा_मिरज
हाउसकीपिंग जीन, म्हणजे तुलनेला धरायचा स्थिर जीन, कुठला? जीएपीडीएच असेल तर हिशोबच चुकला, गाठीत तोच वाढतो. बीटा-अ‍ॅक्टिन घ्या.

विश्रामबागकर
बीटा-अ‍ॅक्टिन तर हिपॅटेक्टमीनंतर स्वतःच वाढतं ओ! दोन-तीन जीन मिळून धरा.

अजिंक्यतारा७
ताई, आमच्या मामांना फॅटी लिव्हर होतं, भुईआवळ्याचा रस सकाळी अनशापोटी घेतला, एसजीपीटी खाली आला. एकदा करून बघा.

विश्रामबागकर
अहो दादा, इथं उंदरांचं चाललंय. मामांना डॉक्टरकडं न्या.

कृष्णाकाठची_मुलगी
पहिला गट २४ तास, डीईएनवाला कापल्यानंतर तीन आठवड्यांनी. शॅम आहे. जीएपीडीएच वापरलाय.

कोयनेवरून
थांबा, डीईएनवाल्यांचंही लिव्हर कापलंत?

कृष्णाकाठची_मुलगी
हो मग, सोल्ट-फार्बर पद्धत आहे ना, डीईएननंतर एएएफ हे दुसरं केमिकल देऊन कापतातच.

कोयनेवरून
हे पहिल्यांदा लिहायचं की! म्हणजे रीजनरेशनचा धक्का दोन्ही गटांना बसलाय. एएएफमुळं नेहमीच्या पेशी अडतात आणि डीईएननं बिघडवलेल्या तेवढ्या वाढत जातात, त्यांचे बारीक ठिपके होतात. तुम्ही अख्खा तुकडा वाटून आरएनए काढला तर ठिपके, आजूबाजूचं लिव्हर सगळं एकात मिसळलं, मग सायक्लिन डी१ नक्की कुणाचा ते कसं कळणार? जीएसटी-पी हा जीन बघा. निरोगी हिपॅटोसाइटमध्ये (लिव्हरच्या नेहमीच्या पेशीत) जवळपास नसतोच, ठिपक्यांत मात्र भरभरून.

तंबोरा_मिरज
सरळ एएफपी लावा की, लिव्हर कॅन्सरला सगळे तेच बघतात.

कोयनेवरून
या मॉडेलमध्ये नको. एएएफ देऊन कापलं की ओव्हल सेल (लिव्हरच्या राखीव पेशी) वाढतात, त्याही एएफपी बनवतात. पुन्हा तोच घोळ.

कृष्णाकाठची_मुलगी
जीएसटी-पीचा प्रायमर त्याच सीडीएनएवर (आरएनएवरून बनवलेली कॉपी) चालेल ना? नवे प्राणी मिळणार नाहीत. पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेले लिव्हरचे तुकडे) आहेत.

कोयनेवरून
चालेल, पण ब्लॉक आहेत तर आधी जीएसटी-पीचं स्टेनिंग (अँटिबॉडीनं रंगवणं). लागूनच्या सेक्शनवर सायक्लिन डी१ पण करा, दोन्ही एकाच ठिपक्यात दिसले तर गाइडना ती स्लाइडच दाखवा. अँटिबॉडी आहे का लॅबमध्ये?

कृष्णाकाठची_मुलगी
सायक्लिनची आहे, जीएसटी-पीची नाही. सांगली-मिरजेत कुणाकडं असेल तर प्लीज मेसेज करा, मी स्वतः न्यायला येते.